छावणी उठली, बाजार उरला

२०२० च्या मार्च महिन्यात भारतात टाळेबंदी जाहीर झाली, आणि त्याच सुमारास जगातील बहुतेक मोठ्या शहरांतील कचेऱ्यांचे दरवाजे बंद झाले. कारकून, हिशेबनीस, अभियंते हे आपापल्या घरी बसून संगणकाच्या साह्याने काम करू लागले. पुढे साथ ओसरली. परंतु पुष्कळ लोक पूर्वीप्रमाणे रोज कचेरीत जावयास राजी झाले नाहीत. त्यांचा पगार चालू होता, त्यांची भूकही पूर्वीइतकीच होती, आणि वस्त्रांची वा पादत्राणांची गरज काही संपली नव्हती. असे असूनही कचेऱ्यांच्या आसपासची उपाहारगृहे, चहाची दुकाने व कापडाच्या पेढ्या एकामागून एक मिटू लागल्या. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात मार्केट स्ट्रीट ह्या मुख्य रस्त्यावरील नॉर्डस्ट्रॉम नावाचे विस्तीर्ण दुकान २०२३ च्या ऑगस्टमध्ये कायमचे बंद झाले. गिऱ्हाईक दरिद्री झाले नसता दुकान बुडावे, ही गोष्ट अनेकांस अपूर्व वाटली.

परंतु ती अपूर्व नव्हती. बालाघाटाच्या डोंगरात, जयंती नदीच्या काठी वसलेल्या अंबाजोगाई गावावर असाच प्रसंग विसाव्या शतकाच्या आरंभी ओढवला होता. तेथे कचेरीच्या जागी लष्कराची छावणी होती, एवढाच काय तो फरक. पगार घेणारी शेकडो माणसे एके ठिकाणी राहत, त्यांच्या भोवती बाजार उभा राहिला, आणि एके दिवशी ती माणसे दुसरीकडे गेली. मागे राहिलेल्या बाजाराचे काय झाले, आणि त्या गावाने पुनः पोटापाण्याचा मार्ग कसा शोधला, हे पाहिले म्हणजे आजच्या ओस पडलेल्या कचेरीपेठांविषयीही काही बोध होण्यासारखा आहे.

आपल्याकडे जुन्या कागदपत्रांत कसबा व मौजे असा भेद केलेला आढळतो. जेथे पेठ आहे तो कसबा, जेथे ती नाही ते मौजे. म्हणजे गावाची प्रतिष्ठा त्याच्या बाजारावर मोजली जात असे. नवी पेठ वसवावयाची झाल्यास सरकारातून कौल मिळे. येणाऱ्या वाण्या-उदम्यांस पहिली काही वर्षे जकात व मोहतर्फा माफ असे, आणि पेठेची व्यवस्था पाहण्यासाठी शेटे व महाजन नेमले जात. पेशवाईतील पुण्याच्या कित्येक पेठा अशाच वसल्या. परंतु कौल दिल्याने दुकानदार येतो. गिऱ्हाईक मात्र कौलाने येत नाही. त्याला रोज किंवा निदान आठवड्यातून एकदा त्या रस्त्याने यावयास भाग पाडणारे काही निराळेच कारण असावे लागते. कोठे ते कारण देवस्थान असते, कोठे न्यायकचेरी, कोठे किल्ला, कोठे नदीचा उतार.

बीड जिल्ह्यातील धारूरचे उदाहरण घ्यावे. तेथील किल्ला १५६७ च्या सुमारास किश्वरखान ह्या आदिलशाही सरदाराने बांधला. पुढे तो निजामशाहीकडे गेला, आणि १६३१ मध्ये मोगलांनी तो जिंकून घेतला. जोपर्यंत दक्षिणेतील सत्ता ह्या किल्ल्यासाठी झगडत होत्या, तोपर्यंत तेथे शिबंदी होती, आणि शिबंदीला दाणागोटा, कापड, कातडे, लोखंड ही लागतच. सरहद्दी बदलल्या, किल्ल्याचे महत्त्व कमी झाले, आणि ज्या गावाची वाट मोठमोठ्या फौजा काढीत आल्या होत्या ते तालुक्याच्या पायरीचे एक शांत गाव होऊन राहिले. हे उतरणे मात्र पिढ्यानुपिढ्यांचे होते, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत फारसे भरले नाही. अंबाजोगाईवर आलेला प्रसंग एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडला.

निजामाच्या राज्यात ह्या गावास मोमिनाबाद असे म्हणत. येथे हैद्राबाद कंटिंजंट नावाच्या फौजेतील घोडदळाचे ठाणे होते. ही फौज निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असे. १८५३ च्या तहाने तिची संख्या ठरली: पायदळ निदान पाच हजार, घोडदळ दोन हजार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या. तिचा खर्च भागविण्यासाठी वऱ्हाडचा सुपीक मुलूख निजामाने इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. ह्या फौजेची ठाणी बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद, रायचूर, एलिचपूर अशी दूरदूर पसरलेली होती. मराठवाड्यातील व वऱ्हाडातील जी गावे आज बाजारपेठा म्हणून ओळखली जातात, त्यांपैकी कित्येकांच्या इतिहासात असे एक लष्करी प्रकरण आहे. जालन्यातील सदर बाजार हे नावच त्या काळाची साक्ष देते.

घोडदळाचे ठाणे बाजाराला पायदळापेक्षा अधिक मानवते. त्याचे कारण सिलेदारी पद्धतीत आहे. ह्या पद्धतीत स्वारास सरकार दरमहा ठोक वेतन देई. घोडा, खोगीर, पोशाख आणि बहुतेक सरंजाम ज्याचा त्याने पाहावयाचा. म्हणजे खजिन्यातून निघालेला पैसा सरकारी कोठाराकडे न जाता स्वाराच्या हातातून थेट बाजारात उतरे. बहुधा दोन स्वारांत मिळून एक तट्टू व एक घासवाला असे. तो रानातून गवत कापून आणी. एका रिसाल्यात साधारणपणे पाच-सहाशे स्वार धरले आणि एका घोड्यास दिवसाकाठी चार शेर दाणा धरला, तरी पाचशे घोड्यांस रोज पन्नास मण दाणा लागतो. हा हरभरा आणि कुळीथ आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्यांनी येणार, तो मोजण्यास मापारी लागणार, साठविण्यास आडत्या लागणार. शिवाय नालबंद, खोगीर शिवणारा मोची, शिंपी, धोबी, न्हावी, हलवाई, तांबोळी. ह्यांपैकी एकही जण लष्कराच्या पगारपत्रकावर नव्हता. परंतु प्रत्येकाची चूल मात्र त्या पगारावरच पेटत होती.

ह्या बाजारात सराफाची गादीही महत्त्वाची असे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का हे स्वतःचे नाणे होते आणि शेजारच्या इंग्रजी मुलखात कलदार रुपया चाले. शंभर कलदारांस सुमारे एकशे सोळा हाली असा भाव सामान्यतः असे, पण तो हंगामाप्रमाणे थोडा हलत राही. जेथे दोन्ही नाण्यांची उलाढाल होते तेथे बट्ट्यावर पोट भरणारा वर्ग तयार होतोच. बाहेरगावी घरी पैसे धाडणारा शिपाई, मुंबईकडील माल मागविणारा व्यापारी आणि सारा भरणारा कुळंबी ह्या तिघांनाही सराफाची पायरी चढावी लागे. छावणीने केवळ गिऱ्हाईक आणले असे नसून रोख पैशाचा नियमित ओघ आणला, आणि पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या प्रदेशात अशा ओघाची किंमत फार मोठी असते. दुष्काळी वर्षी शेतकऱ्याची खरेदी थांबते. शिपायाचा पगार थांबत नाही.

नोव्हेंबर १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्यात वऱ्हाडसंबंधी नवा करार झाला. वर्षास पंचवीस लक्ष रुपये खंड ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले. त्याबरोबर कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्वही संपले, आणि १९०३ मध्ये तिच्या पलटणी हिंदी सैन्यात मिसळून गेल्या. आता त्यांनी निजामाच्या मुलखातच राहिले पाहिजे असे बंधन उरले नाही. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, ठाणे कायम राहिले; जालना, हिंगोली, मोमिनाबाद येथील ठाणी मोडली. हा निर्णय कलकत्त्यास आणि हैद्राबादेस झाला. वऱ्हाडचा खंड किती असावा ह्याचा खल त्यात झाला असेल. मोमिनाबादच्या नालबंदाचे पुढे काय, हा प्रश्न त्या करारात कोठे बसणार?

अशा वेळी बाजारात कोण आधी बुडतो, हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या व्यापाऱ्याजवळ भांडवल असते. तो दुकान हलवितो. सराफ आपली गादी उचलून रेल्वेच्या गावी जातो. ज्याचे कसब एकाच गिऱ्हाइकाशी जखडलेले आहे, तो मात्र अडकतो. पाचशे घोडे गेल्यावर घासवाल्याला गावात कोण विचारणार? नालबंद बैलांचे नाल ठोकू लागेल, पण बैलवाला वर्षातून दोनदा येणार आणि पैशांऐवजी पायलीभर जोंधळे देणार. पगारी गिऱ्हाइकावर जगणाऱ्या बाजाराचा हा कायमचा दोष होय. तो बाहेरून पाहता भक्कम दिसतो, परंतु त्याचा पाया दुसऱ्याच्या हुकमात असतो.

ह्याच वेळी शेजारची दोन गावे पाहिली म्हणजे एक गोष्ट अधिक स्पष्ट होते. जालन्याची छावणी मोमिनाबादप्रमाणेच मोडली. परंतु मनमाडहून हैद्राबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्यास येऊन पोचली होती. त्यामुळे छावणीचे कारण गेले तेव्हा दुसरे कारण दारात उभे होते. सरकी काढण्याचे कारखाने, कापसाचे गठ्ठे बांधण्याचे कारखाने तेथे वाढले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले ह्यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी तेथेच काढली. आणि पुढे लोखंडी सळयांच्या धंद्यानेही तेथे जम बसविला. दुसरे गाव लातूर. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग १९११ मध्ये लातुरास पोचला, आणि आसपासच्या मुलखातील धान्य, गळिताची पिके व कापूस यांचा ओढा तिकडे वळला. अंबाजोगाई ह्या दोहोंपासून दूर राहिली. तिच्याजवळ रेल्वे नव्हती, छावणी नव्हती. उरले होते ते तालुक्याचे ठाणे, योगेश्वरीचे देवालय, मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधी, आणि आठवडी बाजार.

ह्या उरलेल्या गोष्टींस कमी लेखणे मात्र चुकीचे होईल. योगेश्वरी ही कोकणस्थ ब्राह्मणांपैकी अनेक घराण्यांची कुलदेवता. शेकडो कोस दूर राहणारी कुटुंबे लग्नमुंजीनंतर तिच्या दर्शनास येतात; हे गिऱ्हाईक कोणत्याही तहाने दुसरीकडे पाठविता येत नाही. आठवडी बाजाराचे सामर्थ्य निराळ्या प्रकारचे आहे. त्यातील व्यापारी एका गावी बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत नाही. आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी असा तो आपले पाल घेऊन फिरतो. सात गावांच्या सात दिवसांत त्याची जोखीम वाटली जाते. त्यास भाड्याचा गाळा नाही, दिव्यांची आरास नाही, म्हणून पडता काळही त्यास फारसा पाडू शकत नाही. राज्ये बदलली, नाणी बदलली, पण मराठवाड्यातील आठवडी बाजार ठरल्या वारी भरतच राहिला.

तथापि देवदर्शन आणि आठवडी बाजार यांनी गाव जगते; वाढत नाही. अंबाजोगाईची पुढील वाढ ज्या कारणाने झाली ते कोणा व्यापाऱ्याने शोधलेले नव्हते. १९३० नंतरच्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचा अनुभव गाठी घेऊन अंबाजोगाईस आले आणि योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू असताना मातृभाषेतून शिकविणाऱ्या खाजगी शाळा चालविणे सोपे नव्हते. स्वामीजी पुढे हैद्राबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते संस्थान भारतात विलीन झाले. शाळा काढणाऱ्यांच्या मनात बाजाराचा विचार नव्हता. त्यांच्या मनात स्वातंत्र्याचा विचार होता. परंतु खेड्यापाड्यांतून विद्यार्थी येऊ लागले की त्यांस राहावयास खोली लागते, जेवावयास खानावळ लागते, वह्या, पुस्तके, कंदील, कपडे लागतात. विद्यार्थ्यास भेटावयास येणारा बाप परतताना बाजार करून जातो. अशा रीतीने छावणीने रिकामी केलेली जागा शाळेने हळूहळू भरून काढली.

स्वातंत्र्यानंतर ह्या प्रवाहास अनेक फाटे मिळाले. योगेश्वरी संस्थेचे महाविद्यालय, खोलेश्वर महाविद्यालय, पुढे अभियांत्रिकीचे महाविद्यालय अशी विद्येची एक माळच गावात तयार झाली. १९७४ च्या सुमारास ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय येथे निघाले, आणि त्यास स्वामी रामानंद तीर्थांचेच नाव मिळाले. जिल्ह्याच्या ठाण्यासही जे लाभले नव्हते ते एका तालुक्याच्या गावाने मिळविले. महाविद्यालयाबरोबर मोठे रुग्णालय आले, आणि रुग्णालयाबरोबर एक नवीनच गिऱ्हाईक आले. रोग्याबरोबर दोन माणसे येतात, ती आठ-आठ दिवस राहतात. त्यांस औषध, फळे, दूध, भाकरी, पांघरूण, बाजारातील सर्व काही लागते. जेथे एके काळी नालबंदाचा घण वाजत असे त्या गावात आता औषधविक्रेत्यांच्या दुकानांच्या ओळी दिसतात. बाजार तोच, गाव तेच. मात्र लोकांनी तेथे येण्याचे कारण बदलले, म्हणून दुकानातील मालही बदलला.

येथे एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. छावणी हुकमाने आली आणि हुकमाने गेली. शाळा व महाविद्यालये यांचा बराचसा भाग गावकऱ्यांनी, शिक्षकांनी व संस्थाचालकांनी स्वतःच्या कष्टाने उभा केला होता. म्हणून ते कारण सहजासहजी उठून जाणारे नव्हते. परदेशातील शहरांनाही आज हाच धडा शिकावा लागत आहे. कॅनडातील कॅल्गरी शहराच्या मध्यभागी तेलकंपन्यांच्या कचेऱ्यांचे मनोरे होते. २०१४ च्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले तेव्हापासून ते रिकामे होऊ लागले, आणि साथीच्या काळात त्यात भर पडली. २०२१ मध्ये नगरपालिकेने असे ठरविले की, जो कोणी कचेरीच्या मनोऱ्याचे राहत्या घरांत रूपांतर करील त्यास चौरस फुटामागे पंचाहत्तर डॉलर मदत द्यावयाची. पेशव्यांचा कौल आणि कॅल्गरीचे अनुदान ह्यांत तत्त्वतः फारसे अंतर नाही. फरक इतकाच की, जुना कौल दुकानदारास बोलावीत असे. नवा कौल रहिवाशास बोलावतो. कामासाठी येणाऱ्या पाहुण्यावर विसंबण्यापेक्षा रस्त्यावर राहणारी माणसे असावीत, हे तेथील कारभाऱ्यांनी ओळखले.

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ हे गाव दुसऱ्या बाजूने तीच गोष्ट सांगते. येथे ज्योतिर्लिंग आहे, रेल्वेचे जंक्शन आहे, आणि १९७१ पासून औष्णिक विद्युत् केंद्र आहे. विद्युत् केंद्रातील कामगारांचा पगार, कंत्राटदारांची उलाढाल व कोळशाची आणि राखेची वाहतूक यांनी परळीच्या बाजारास छावणीसारखेच बळ दिले. परंतु २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे केंद्रास पाणी मिळेना, आणि वीजनिर्मिती सर्वस्वी थांबवावी लागली. २०१५ च्या उन्हाळ्यानंतरही तोच प्रसंग आला. जुने संच पुढे मोडीत निघाले. ज्या बाजाराचा एकच खांब आहे तो अशा वेळी कोसळता. पण श्रावणातील आणि महाशिवरात्रीच्या यात्रेकरूस बॉयलर पेटला आहे की विझला आहे ह्याच्याशी कर्तव्य नसते. परळीच्या बाजाराचा तोल त्यामुळे पुष्कळसा सावरला.

आणि कामाची जागा व खरेदीची जागा भिन्न असणे, ज्यास आज जग दूरस्थ कामाचे युग म्हणते, ते बीड जिल्ह्यास मुळीच नवे नाही. येथील लाखो माणसे दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर अधिकच वाढले. नवरा-बायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात. मुकादम त्या कोयत्यास आगाऊ उचल देतो. ती उचल हाती पडली की वडवणी, केज, धारूर, पाटोदा, शिरूर येथील बाजारांत चार दिवस गर्दी उसळते: प्रवासाची शिधासामग्री, मुलांचे कपडे, बैलांचे साज, जुन्या उधारीची फेड. नंतर तांडे आणि वाड्या ओस पडतात आणि दुकानदार पाच-सहा महिने माशा मारीत बसतो. कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या ह्या माणसांची रोजची खरेदी त्या काळात तेथील दुकानांत होते. म्हणजे घाम एका जिल्ह्यात गळतो, कर्ज दुसऱ्या जिल्ह्यात फिटते, आणि दोन्हीकडचा दुकानदार वर्षातून निम्माच काळ धंदा करतो.

सुशिक्षितांच्या घरून-कामाचे कौतुक करताना ही बाजू विसरता कामा नये. संगणकावर काम करणारा अभियंता आपले काम घरी नेऊ शकतो. ऊसतोड कामगार घर पाठीवर घेऊन कामाकडे जातो. २०२० मध्ये ह्या दोन्ही प्रकारच्या माणसांचा परतीचा प्रवास एकदमच झाला. पुण्याजवळच्या हिंजवडीतील कंपन्यांत काम करणारे मराठवाड्यातील तरुण आपापल्या गावी आले. ऊसतोडीचे तांडे मात्र टाळेबंदीत कारखान्यांच्या आवारात अडकून पडले, आणि एप्रिल महिन्यात सरकारने परवानगी दिल्यावरच परतू शकले. तरुणांच्या आगमनाने एक गोष्ट मात्र दिसून आली. हिंजवडीच्या खानावळवाल्याने जे गिऱ्हाईक गमावले, तेच गिऱ्हाईक गावाकडच्या किराणा दुकानात दिसू लागले. रुपया नष्ट झाला नाही. त्याने मुक्काम बदलला. १९०३ मध्ये छावणीचा रुपया ज्याप्रमाणे बाहेर गेला, त्याप्रमाणे ह्या वेळी काही काळ तो आत आला.

हा पाहुणा फार दिवस टिकला नाही. साथ संपल्यावर कंपन्यांनी हळूहळू माणसांस परत बोलाविले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्यास सांगितले. तरुण पुण्यास परतले. परंतु जाताना ते घरच्या मंडळींस एक सवय लावून गेले: भ्रमणध्वनीवर बोट ठेवून माल मागविण्याची आणि पैसेही त्याच मार्गाने देण्याची. आता कापड, भांडी, पादत्राणे व औषधे दारात येऊन पडतात. छावणी गेली तेव्हा गिऱ्हाईक गावाबाहेर गेले होते. ह्या वेळी गिऱ्हाईक गावातच आहे, पण बाजारात येण्याचे त्याचे कारण नाहीसे होत आहे. ही अडचण पहिलीहून अधिक सूक्ष्म व म्हणूनच अधिक अवघड आहे.

त्यावर उपाय कोणता, ह्याचे उत्तर बीडच्या जुन्या कारागिरीत नकारार्थी मिळते. बीड शहर एके काळी कातड्याच्या छागली आणि काठीत दडविलेल्या गुप्त्या ह्यांसाठी नामांकित होते. छागलीतले पाणी प्रवासात थंड राही. मोटारी, नळ आणि धातूच्या व काचेच्या बाटल्या आल्या, आणि छागलीची गरज संपली. कारागिराचा हात बिघडला नव्हता. कातडेही तेच होते. परंतु त्या हातास नवा माल सुचविणारे, नवे गिऱ्हाईक दाखविणारे कोणी पुढे आले नाही, आणि एक कसब विस्मृतीत गेले. उलट अंबाजोगाईस ज्यांनी शाळा काढल्या, त्यांनी दुकानदारांस काही शिकविले नाही. तरी त्यांच्या कार्याने दुकानदारांची एक पिढी तरली. म्हणजे बाजाराचे पुनरुज्जीवन बाजारातच बसून होत नाही. त्यासाठी शाळा, रुग्णालय, वाचनालय, न्यायकचेरी, नाट्यगृह, निदान स्वच्छ बसण्याची जागा, असे काहीतरी करावे लागते की ज्यासाठी माणूस घर सोडून बाहेर पडेल. शिक्षण घरबसल्या मिळू लागले, रोग्याची तपासणीही दुरून होऊ लागली, तरी खाटेवरच्या माणसाजवळ बसणारे कोणी तरी लागतेच, आणि मुलांना मुलांचा सहवास लागतोच.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिनीच, बीड शहरात अहिल्यानगरहून येणारी रेल्वे सुरू झाली. अहिल्यानगर-बीड-परळी ह्या २६१ किलोमीटरच्या मार्गाची वाट जिल्ह्याने तीन दशके पाहिली होती. स्थानकावर जमलेल्या लोकांचा आनंद स्वाभाविक होता. परंतु रेल्वेचे रूळ दोन्ही दिशांस जातात. लातुरास रूळ आले तेव्हा लातूरची भरभराट झाली, आणि त्याच रुळांनी अंबाजोगाईचा माल ओढून नेला. बीडच्या रेल्वेने पुण्यामुंबईचा माल स्वस्त होऊन येईल, तसाच बीडचा ग्राहकही पुण्याच्या बाजारात सकाळी जाऊन रात्री परत येऊ लागेल. ती गाडी येथे काय उतरविते आणि येथून काय घेऊन जाते, ह्यावर तिचे फळ अवलंबून राहील.

अंबाजोगाईच्या छावणीस कोणी परत बोलावू शकले नाही, आणि बोलाविण्याची गरजही पुढे उरली नाही. त्या अवघड वर्षांत गावाने जे पेरले त्याचे फळ तिसऱ्या पिढीस मिळाले. मात्र ज्या घासवाल्यांनी व नालबंदांनी मधला काळ उपासात काढला, त्यांच्या वाट्यास ते आले नाही. आज ज्यांचा गाळा ओस पडत आहे, त्यांस तीन पिढ्या थांबण्यास सांगणे कोणत्याही नगरपालिकेस शोभणार नाही. गावाने नवे कारण उभे करावे हे खरेच. परंतु ते उभे राहीपर्यंत मधल्या माणसाच्या चुलीची काळजी वाहणे हेही त्याच कार्याचा भाग आहे, आणि १९०३ साली तेवढेच करावयाचे राहून गेले होते.